लाइन परत आली, तरी फाइल अडकलेलीच

प्रश्न : आमचा छोटा कारखाना ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे. तेथील लिनक्स सर्व्हरवरून रोज रात्री महापे येथील कार्यालयात एसएसएच या सुरक्षित जोडणीमार्गे, आरसिंक या फाइलींची प्रत पाठवणाऱ्या प्रोग्रामने हिशेबाच्या फाइल पाठवल्या जातात. मध्येच ब्रॉडबँडची लाइन गेली की काम अडकते, आणि लाइन दोन मिनिटांत परत आली तरी पंधरा मिनिटांनी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा संदेश येतो. टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, वाढवावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वाढवू नये; उलट कमी करावा. पोच न आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) पुन्हा पाठवताना लिनक्स दर खेपेस थांबण्याचा काळ दुप्पट करते, ०.२ सेकंदापासून सुरुवात झाली, तर ०.४, ०.८ असे वाढत तो १२० सेकंदांवर स्थिरावतो. किती वेळा पुन्हा पाठवायचे हे ठरवणाऱ्या ‘टीसीपी रिट्राइज २’ या सेटिंगचे मूळ मूल्य १५ असल्यामुळे या साऱ्या थांब्यांची बेरीज ९२४.६ सेकंद होते. आपली पंधरा मिनिटे ती हीच.

लाइन परत येऊनही काम का सुरू होत नाही, हा खरा प्रश्न आहे. पीपीपीओई (लॉगिन करून सुरू होणाऱ्या ब्रॉडबँड) जोडणीत राउटर पुन्हा लॉगिन झाल्यावर त्याला बहुधा नवा आयपी पत्ता मिळतो, आणि टीसीपीची (पोच घेत माहिती पाठवण्याच्या पद्धतीची) जोडणी दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट (सेवेचे क्रमांक) यांनीच ओळखली जात असल्याने जुनी जोडणी तेथेच संपलेली असते. नव्या पत्त्यावरून आलेली पॅकेट महाप्याचा फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा) अनोळखी म्हणून गुपचूप टाकून देतो, आणि आपला सर्व्हर मात्र इमानेइतबारे ती पाठवत राहतो. अशा वेळी टाइमआउट वाढवला, तर केवळ खोळंबा वाढेल.

सिसकंट्रोल (sysctl) या लिनक्सच्या आज्ञेतून ‘टीसीपी रिट्राइज २’चे मूल्य ८ केल्यास थांबण्याचा काळ सुमारे १०२ सेकंदांवर येतो. त्याहून खाली जाऊ नये, कारण ही सेटिंग संपूर्ण यंत्राला लागू होते आणि क्षणभर मंदावलेल्या चांगल्या जोडण्याही मग तुटू लागतात. माझ्या मते आपल्या कामापुरता याहून नेमका उपाय म्हणजे एसएसएचमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ३० आणि ‘काउंट मॅक्स’ ३ ठेवणे, म्हणजे दर ३० सेकंदांनी चौकशी करून तीनदा उत्तर न आल्यास जोडणी तोडणे. मेलेली जोडणी दीड मिनिटात उघडकीस येते व बाकी यंत्राला धक्का लागत नाही. महाप्याच्या सर्व्हरवरही ‘क्लायंट अलाइव्ह’ची जोडसेटिंग करावी. ऐकत बसलेल्या टोकाला लाइन गेल्याचे कळतच नाही, आणि लिनक्सचा मूळ कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे पाहणारी सोय) पहिली चौकशी करतो तो ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी.

आरसिंकला ‘पार्शल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे अर्धवट आलेली फाइल पुसली जाणार नाही, आणि आज्ञा अयशस्वी ठरल्यास स्क्रिप्टने मिनिटभराने ती पुन्हा चालवावी.

लाइन न जाताही मोठ्या फाइल अडकत असतील, तर मात्र एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासावा. पीपीपीओईवर तो सहसा १४९२ असतो. तुकडे न करण्याच्या अटीसह १४६४ बाइटचा पिंग (चाचणीचे पॅकेट; २८ बाइटच्या शीर्षकासह १४९२) जाऊन १४७२चा अडकला, तर सर्व्हरच्या नेटवर्क कार्डवर १४९२ हाच आकडा घालावा.