क्लासिक 350 कच्च्या रस्त्यांच्या टूरिंगसाठी कशी तयार करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2022 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, स्पोकची चाकं, खर्चाची तयारी 30 हजारांपर्यंत. दिवाळीनंतर सह्याद्रीतले कच्चे रस्ते आणि पुढच्या जुलैत हिमाचलमधलं स्पितीचं खोरं करायचंय. हीच गाडी तयार करावी की विकून त्याच कंपनीची कच्च्या रस्त्यांसाठीची हिमालयन जुनी घ्यावी?

हीच तयार करा. स्पोकची चाकं, पुढे 19 आणि मागे 18 इंची रिम, कमी आरपीएमलाच मिळणारा 27 न्यूटन-मीटरचा टॉर्क. खराब रस्त्यावर लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी हिच्यात मुळातच आहेत. कमी कुठे पडते तेही सांगतो. क्लासिकचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची जागा) 170 मिमी, हिमालयन 411 चा 220. पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचा शॉकअप) क्लासिकमध्ये 130 मिमी दबतो, हिमालयनमध्ये 200. हा फरक पैसे ओतून भरून निघत नाही. लांब शॉकअप टाकून मागून गाडी उंच करून देणारे गॅरेजवाले भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मागची बाजू वर गेली की वजन पुढच्या चाकावर येतं, हँडल चंचल होतं, चेनचा कोन बदलतो, साइड स्टँड आखूड पडतो आणि एवढं करून इंजिनाखाली जेमतेम बोटभर जागा वाढते. पैसे तीन ठिकाणी घाला: टायर, इंजिनाखालची प्लेट, आणि उभं राहून गाडी चालवता येईल अशी बैठक.

सगळ्यात मोठा फरक टायरने पडतो. मूळ मापं (पुढे 100/90-19, मागे 120/80-18) तशीच ठेवा आणि त्यांत डांबर-माती दोन्हीवर चालणारे ब्लॉक पॅटर्नचे टायर घ्या. ट्यूबसकट जोडी साधारण 8 ते 10 हजारांत बसते, ब्रँडनुसार कमी-जास्त. पूर्ण नॉबी, म्हणजे मोठ्या सुट्या गुट्ट्यांचे टायर नकोत. पुणे ते मनाली हा सगळा प्रवास डांबरावरचा आहे. तिथे ते झपाट्याने झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की पकड सोडतात. टायरच्या कडेला छापलेला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि फिरण्याच्या दिशेचा बाण बघूनच बसवून घ्या.

टायरबरोबर ट्यूबही नव्या टाका. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. टायर उघडलेला असताना रिमटेप (स्पोकच्या टोकांपासून ट्यूब वाचवणारी पट्टी) सरकलेली किंवा फाटलेली नाही ना, एखाद्या स्पोकचं टोक निपलच्या वर आलेलं नाही ना, हे स्वतः बोट फिरवून बघा. व्हॉल्वच्या मुळाशी असलेला नट रिमला घट्ट आवळायचा नसतो. तो वर, टोपीच्या खाली नेऊन ठेवा. कमी हवेत जोरात ब्रेक लागला की टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबलाही ओढतो. नट मोकळा असेल तर व्हॉल्व तिरका दिसतो आणि तुम्हाला वेळेत कळतं. नट आवळलेला असेल तर काही दिसत नाही, व्हॉल्व थेट मुळातून उपटतो, आणि त्या ट्यूबला पंक्चर लावता येत नाही.

हवा किती? डांबरावर कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेली. लांबलचक कच्चा पट्टा आला की दोन्ही चाकांत 4 ते 6 पीएसआय कमी करा, पण सामान लादलेलं असताना पुढे 22 आणि मागे 25 च्या खाली जाऊ नका. ट्यूबच्या टायरमध्ये त्याहून कमी हवा असेल तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. डांबरावर परतलात की हवा लगेच भरा, म्हणजे छोटा पंप आणि गेज जवळ हवेतच.

हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला तर देशावर काळ्या मातीपासून सांभाळा. क्लासिकचं पुढचं मडगार्ड टायरला बरंच लागून आहे, आणि ब्लॉक टायरने ती फट आणखी कमी होते. टायर बसवल्यावर चाक हाताने फिरवून सगळीकडे निदान करंगळी जाईल एवढी जागा आहे का बघा. ओल्या काळ्या मातीत शंभर-दीडशे मीटर गेलात तरी माती त्या फटीत ठासून बसते आणि पुढचं चाक जाम होतं. अशा वेळी रेस देऊन गाडी रेटली तर क्लच प्लेटी जळतात. तिथेच थांबा, टायर लिव्हरने किंवा काठीने माती खरवडून काढा आणि आल्या वाटेने मागे फिरा. कोकणातली तांबडी माती घसरवते खरी, पण अशी चिकटून बसत नाही.

आता बैठक. खडबडीत रस्त्यावर फूटपेगवर उभं राहिलं की तुमचे गुडघे शॉकअपचं अर्धं काम करतात. फोर्क 130 मिमीच दबत असल्यामुळे या गाडीवर ते करावंच लागतं. क्लासिकचे रबरी फूटपेग ओल्या बुटाखाली घसरतात. त्याजागी दाते असलेले रुंद पेग लावा. गिअरचा लिव्हर पुढे-मागे दुहेरी आहे. उभं राहिल्यावर टाच मागच्या टोकावर पडते आणि चढावर नको तेव्हा वरचा गिअर पडतो. फक्त पुढे टोक असलेला लिव्हर बसवून घ्या, हा स्वस्तातला आणि फार उपयोगी बदल आहे. उभं राहून कंबर वाकत असेल तर हँडलखाली 25 ते 30 मिमीचे रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) टाका. नंतर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा: रेस आपोआप वाढली किंवा क्लच ताणला गेला, तर केबलचा मार्ग बदलायला हवा. ब्रेक-क्लचचे लिव्हर थोडे खाली झुकवा, म्हणजे उभं असताना मनगट सरळ राहतं. त्यांचे क्लॅम्पही करकचून आवळू नका. गाडी आडवी झाली तर लिव्हर फिरावा, मोडू नये. हँडगार्ड घ्यायचे तर आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेले घ्या. नुसत्या प्लॅस्टिकचे वारा अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत.

इंजिनाखालची प्लेट, म्हणजे बॅश प्लेट, 3 ते 4 मिमी ॲल्युमिनियमची किंवा साधारण 2 मिमी लोखंडाची, आणि तिचे पॉइंट चेसिसवर हवेत. इंजिनच्या बोल्टवर टांगलेली प्लेट बसलेला मार सरळ केसिंगला (इंजिनाच्या कवचाला) देते. प्लेटला पाणी-माती निघायला भोकं आणि ऑइल काढायच्या बोल्टसाठी वेगळं भोक असू द्या. मेन स्टँड प्लेटच्या मागे खाली लोंबतो आणि मोठ्या दगडाला आधी तोच लागतो. तो काढू मात्र नका. वाटेत मागचं चाक खोलायची वेळ येईल तेव्हा त्याच्याशिवाय हाल होतात.

मागच्या शॉकअपना सहा टप्प्यांचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) आहे. सामान लादल्यावर दोन टप्पे वाढवा, तरीही खड्ड्यात ठणकन आवाज येत असेल तर आणखी एक. सामान 15 ते 20 किलोंतच बसवा, मऊ सॅडलबॅगमध्ये, जड वस्तू खाली आणि पुढे. लोखंडी पेट्या नकोत: कॅरिअरची वेल्डिंग तडकते आणि घसरताना पाय गाडी आणि पेटीच्या मध्ये सापडतो. उजवीकडची बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना बघा. सामान बांधून, वर माणूस बसवून चेनची ढील तपासा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन लोडखाली ताठ होऊन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देते.

वेगळा पेट्रोलचा कॅन मला गरजेचा वाटत नाही. टाकी 13 लिटरची आहे, लिटरला 30 चं ॲव्हरेज धरलं तरी 390 किलोमीटर होतात, आणि स्पितीतलं मुख्य गाव काझा, तिथे पंप आहे. काझा ते मनाली हे अंतर 200 च्या आसपास आहे. काझात टाकी फुल करा, बस.

काझा-मनाली वाटेवरच्या लोसर, कुंझुम, बातल, ग्रांफू या पट्ट्यात पाणी ओलांडावं लागतं. बर्फ वितळून नाले दुपारी फुगतात, म्हणून हा टप्पा पहाटे निघून सकाळी संपवा. पाणी ॲक्सलच्या वर असेल तर आधी चालत जाऊन तळ बघा. पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर. गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, मग सेल्फ देऊन पाणी बाहेर काढा. उतारावर सुट्या खडीत एबीएसमुळे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थांबायचं अंतर वाढतं आणि या गाडीत तो बंद करायचं बटण नाही, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरा आणि पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हलका.

सोबत ठेवा: 19 इंची ट्यूब (अडीनडीला मागच्या 18 च्या चाकातही चालवता येते), तीन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्युशन, दोन्ही ॲक्सलचे पाने, क्लच केबल, क्लच लिव्हर, प्लग, चेनचा जॉइंट, झिप टाय आणि एम-सील. दगडाने केसिंगला बारीक तडा गेला तर ऑइल पुसून लावलेलं एम-सील जवळच्या गॅरेजपर्यंत पोचवतं. मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव घरी एकदा तरी कराच.

रत्नागिरीकडे गेलात तर सड्यावर (कातळाच्या मोकळ्या पठारावर) गाडी घालू नका. मोकळा कातळ बघून मोह होतो, पण तिथेच कातळशिल्पं आहेत, काही अजून कुंपणाविना. चाकाखाली गेलेली रेघ पुन्हा मिळत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे नोंदणीच्या तपशिलात बसणार नाहीत असे बदल करता येत नाहीत. टायर, प्लेट, पेग यांनी तो तपशील बदलत नाही. पण सायलेन्सर बदलून मोठा आवाज केलात तर चलान ठरलेलं, आणि कच्च्यावर त्याचा उपयोगही शून्य.

सगळं बसवून झालं की निघण्याच्या महिनाभर आधी पूर्ण सामान लादून शंभरेक किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी फिरवा. परतल्यावर प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारा. जो खणखणीत वाजत नाही तो ढिला आहे, चाकाचा आउट (डगमग) काढून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडखळलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. कॅरिअर, सायलेन्सर आणि नंबर प्लेटच्या ब्रॅकेटचे बोल्ट निळं लॉकटाइट (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद) लावून आवळा आणि नटवर पेंटची एक आडवी रेघ ओढा. रोज सकाळी निघताना ती रेघ जुळते का, एवढंच बघायचं.