कॉम्प्युटर मध्येच कधीही रीस्टार्ट होतो, दर वेळी वेगळीच एरर दाखवतो. दोष नेमका कशात आहे हे कसं शोधायचं?

तुमची हकिगत थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही अंदाज येईल. रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर५ रॅम, कॉम्प्युटर दोनेक वर्षांचा. कधी गेम चालू असताना, तर कधी नुसता ब्राउझर उघडा असताना बंद पडतो. कधी निळा पडदा येतो, त्यावर दर वेळी नवीन नाव. कधी काहीच न दाखवता सरळ रीस्टार्ट. विंडोज पुसून नव्याने टाकलं, फरक शून्य. मित्र म्हणतोय मदरबोर्ड बदल. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की मध्यंतरी रॅम वाढवून दोनाच्या चार स्टिक केल्या होत्या, पण त्यानंतर बरेच दिवस सगळं व्यवस्थित चाललं, म्हणजे तिचा संबंध नसावा.

माझ्या संशयाची सुई त्याच शेवटच्या वाक्याकडे जाते. मदरबोर्डला तूर्त हात लावू नका.

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडलेला असला की तो सहसा एकाच पद्धतीने त्रास देतो. तोच कोड, फार तर दोन, आणि डंप फाइलमध्ये (कोसळताना विंडोज लिहून ठेवतं ती नोंद) पुन्हा पुन्हा त्याच फाइलचं नाव. तुमच्याकडे आज मेमरी मॅनेजमेंट, परवा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, मग पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. रॅममधला एखादा बिट उलटला, म्हणजे शून्याचा एक झाला, तर काय होईल हे तो बिट कुठे होता यावर ठरतं. फोटोच्या मधोमध असेल तर एका ठिपक्याचा रंग बदलेल आणि तुम्हाला जन्मात कळणार नाही. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये असेल तर तेवढी टॅब कोसळेल. विंडोजच्या कर्नलने (गाभ्याने) जपून ठेवलेल्या एखाद्या पत्त्यात असेल तर निळा पडदा. दोष एकच, पण नावं दहा. आणि म्हणूनच ‘बरेच दिवस व्यवस्थित चाललं’ यावरून रॅमला क्लीन चिट देता येत नाही. चुका तेव्हाही होत असतील, फक्त बिनमहत्त्वाच्या जागी.

आता चार स्टिकचं. रायझन ७००० साठी एएमडीने अधिकृतपणे जो वेग दिलाय तो दोन स्टिकवर ५२०० (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर) आणि चारही स्लॉट भरले तर फक्त ३६००. तुम्ही ५६०० ची दोन किट (एका खोक्यात एकत्र मिळणाऱ्या दोन-दोन स्टिक) लावून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्स्पो चालू केलंय; त्याने रॅम खोक्यावरच्या वेगाने चालते. एक्स्पो किंवा इंटेलकडचं एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं, खोक्यावर तो आकडा कितीही ठळक छापलेला असला तरी. किटवरची हमी त्या किटमधल्या दोन स्टिकपुरती असते. तेच मॉडेल, तोच रंग, पण वेगळ्या वेळी घेतलेलं दुसरं किट असेल तर आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि त्या एकत्र चालतील असं कुठेच कुणी कबूल केलेलं नसतं. दोन किट मिळून चार स्टिक करण्यापेक्षा जुनी विकून मोठ्या दोन स्टिकचं एकच किट घ्या, हे मी डीडीआर५ च्या बाबतीत सगळ्यांनाच सांगतो.

‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतं ना, मग चुका कशा होतील?’ हा प्रश्न हमखास येतो. डीडीआर५ मधलं ईसीसी, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय, चिपच्या आत आहे. चिपमध्ये साठवलेला बिट बिघडला तर ते दुरुस्त करतं. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत काही बिघडलं तर त्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि चार स्टिकची अडचण नेमकी त्या वाटेवरची आहे. रॅममधल्या चुका ही काही लाखात एक गोष्ट नाही. गूगलच्या सर्व्हरवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या होत्या. त्या सर्व्हरना खरं ईसीसी, म्हणजे वाटेतल्या चुकाही पकडणारं, होतं म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरच्या कॉम्प्युटरवर मोजणारं कुणी नसतं.

चाचण्यांआधी एक काम: महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि जुना बॅकअप असेल तर त्याच्यावर नवा चढवू नका, वेगळा ठेवा. रॅम बिघडलेली असेल तर फाइल कॉपी होताना तिच्यातूनच जाते, त्यामुळे बिघाड बॅकअपमध्येही उतरू शकतो.

मग पुरावा बघा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे कर्नल-पॉवर नावाची, ४१ क्रमांकाची लाल नोंद सापडेल. या ‘पॉवर’ शब्दाला घाबरून लोक थेट नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) मागवतात. वास्तविक ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. ती लिहिली जाते पुन्हा चालू झाल्यावर. कामाची गोष्ट तिच्या डिटेल्स टॅबमध्ये आहे: बगचेक कोड, म्हणजे कोसळण्याचं कारण सांगणारा आकडा. हा आकडा साध्या दशमान पद्धतीत असतो आणि निळ्या पडद्याचे कोड हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या पद्धतीत) असतात, त्यामुळे शोधायला गेलं की काही सापडत नाही. विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडमध्ये टाकून तो बदलून घ्या. २६ चा १ए होतो, ते मेमरी मॅनेजमेंट. ८० चा ५०, ते पेज फॉल्ट. २९२ चा १२४, म्हणजे प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरची तक्रार केली. आणि शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला सवडच मिळाली नाही: वीज गेली, सगळं जागच्या जागी गोठलं, नाहीतर ज्या एसएसडीवर लिहायचं तीच गायब झाली. त्याच यादीत पॉवर बटन टाइमस्टॅम्प आहे. तो शून्य नसेल तर बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद केला होता. घरात आणखी कुणी वापरत असेल तर हे बघाच, कारण ‘आपोआप बंद पडला’ म्हणून सांगितलेल्या गोष्टी कधीकधी इथे उघड्या पडतात.

तुमचे न बोलता होणारे रीस्टार्ट हेही निळे पडदेच असू शकतात, दिसायच्या आत निघून गेलेले. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका. पेज फाइल (विंडोज डिस्कवर रॅमसारखी वापरतं ती फाइल) बंद केली असेल तर चालू करा, नाहीतर डंप लिहिला जात नाही. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा झालाय, त्यामुळे स्क्रीन काळी दिसली की लगेच मॉनिटर गेला असं समजू नका. डंप उघडायला ब्लूस्क्रीनव्ह्यू हा छोटा प्रोग्राम पुरतो. त्यात एनटीओएसकर्नल हे नाव दिसलं तर त्यावरून काही ठरवू नका. ते विंडोजचं कर्नलच आहे, कोसळताना ते जागेवर असणारच.

आता मुख्य चाचणी. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर घाला आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक मी धरत नाही. त्याने चूक दाखवली तर ती खरी, पण ‘सगळं ठीक’ म्हणालं तर त्यावर विसंबता येत नाही. पहिली फेरी एक्स्पो चालू ठेवून, चारही स्टिक जागेवर, म्हणजे रोज जसा वापरता तसाच. रात्रभर चालू द्या. चुकांच्या रकान्यात शून्यच हवा. एक जरी लाल ओळ आली तरी नापास. ‘इतक्या गिगाबाइटमध्ये एखादी चालायचीच’ असं नसतं. कॅबिनेटची बाजू लावून ठेवा, कारण रॅम गरम झाल्यावरच चुकणारी असेल तर उघड्या कॅबिनेटमध्ये ती पास होऊन जाईल.

चुका आल्या तर लगेच स्टिक उपसायला घेऊ नका. आधी बायोसमध्ये एक्स्पो बंद करून पुन्हा तपासा. वेग बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ ची मशीन काही मिनिटं काळ्या पडद्यावर थांबते. ती रॅमचं ट्रेनिंग करत असते, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असते. या वेळात घाबरून वीज काढू नका. एक्स्पो बंद असताना रात्रभर शून्य चुका आल्या तर स्टिक बहुधा चांगल्या आहेत, चार मिळून तो वेग झेपत नाहीये एवढंच. मग दोन पर्याय राहतात: चार स्टिक आणि कमी वेग, किंवा दोनच स्टिक आणि पूर्ण वेग. गेम खेळणाऱ्याने दुसरा निवडावा. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर म्हणून एक सेटिंग असतं. ते चालू असलं की कॉम्प्युटर दर वेळी नव्याने ट्रेनिंग न करता जुन्याच निकालावर चालतो. ते बंद करून बघायला हरकत नाही. चालू व्हायला वेळ लागेल, पण काही जणांचा त्रास तेवढ्यानेच जातो. बायोसची नवीन आवृत्तीही याच टप्प्यावर टाका. एएम५, म्हणजे रायझन ७००० ज्यावर बसतो त्या, बोर्डांच्या सुरुवातीच्या बायोसनंतर रॅमच्या बाबतीत बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत.

एक्स्पो बंद असूनही चुका आल्या तर मात्र एकेक स्टिक तपासावी लागेल. सगळ्या काढा, एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, तपासा, मग त्याच स्लॉटमध्ये पुढची. स्लॉट तोच ठेवायचा, स्टिक बदलायची. दोन्ही एकदम बदललं की निकालाला अर्थ उरत नाही. एकच स्टिक नापास झाली तर चोर सापडला. सगळ्याच नापास झाल्या तर प्रश्न स्लॉटचा, बोर्डाचा किंवा प्रोसेसरचा. तुमच्या मित्राचं म्हणणं विचारात घ्यायची वेळ तेव्हा येईल, आत्ता नाही.

रॅम पूर्ण पास झाली आणि बगचेक कोड शून्यच येत राहिला, तर एसएमपीएस. आधुनिक ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरती आपल्या नेहमीच्या गरजेपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं आणि कमकुवत एसएमपीएस त्या क्षणी बंद होतो. हा झटका मल्टिमीटरवर दिसत नाही, आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे व्होल्टचे आकडे तर अंदाजपंचेच असतात. खात्रीची चाचणी एकच: ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस थोडे दिवस लावून बघणे. लावताना त्याच्याच केबल वापरा. मॉड्युलर, म्हणजे काढता-लावता येणाऱ्या, केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते. ८० प्लसचा शिक्का बघून खात्री मानू नका, तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आणि एसएमपीएस उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो.

उष्णतेचं सगळे पहिल्यांदा सांगतात, म्हणून मी शेवटी ठेवलं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघा. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणं एएमडीने गृहीत धरलेलंच आहे, आणि मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी वेग कमी करतो, एकदम बंद पडत नाही. नुसता ब्राउझर उघडा असताना बंद पडणारी मशीन उष्णतेने पडत नसावी. तिथेच डीडीआर५ स्टिकचं तापमानही दिसतं, ते मात्र जरूर बघा.

हाच प्रश्न घेऊन कुणी इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर वापरत असेल तर त्याने आधी बायोस अपडेट करावं. जास्तीच्या व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्याच वर्षी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवा असं तुम्हाला एव्हाना अनेकांनी सांगितलं असेल. चालवा, नुकसान काही नाही. पण नव्याने टाकलेल्या विंडोजवरही तोच त्रास होतोय म्हटल्यावर विंडोजच्या फाइलींमध्ये शोधत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. ड्रायव्हर व्हेरिफायर मात्र इतक्यात लावू नका. तो संशयित ड्रायव्हरला मुद्दाम कोसळवतो आणि कॉम्प्युटर चालूच न होण्याच्या चक्रात अडकू शकतो.

मेमटेस्टमध्ये लाल ओळी आल्या तर पडद्याचा फोटो काढून ठेवा, वॉरंटीसाठी तोच पुरावा. कुठल्या दोन स्टिक एका किटच्या हे आत्ताच त्यांच्यावरचे सिरीयल नंबर बघून लिहून ठेवा, कारण एकच स्टिक खराब असली तरी कंपन्या सहसा पूर्ण किट परत मागतात. निकाल इथे टाका, बगचेक कोडच्या आकड्यासकट, मग पुढचं बघू.