वाचकांचे प्रश्न : रे ट्रेसिंग रुजेल का?

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या संगणकात जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र घडवणारा भाग) असून आता त्याला ‘रे ट्रेसिंग’, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या रेखाटण्याचे तंत्र, असलेले नवे कार्ड हवे आहे. त्रिमितीय चष्मेही असाच गाजावाजा करून आले आणि विस्मरणात गेले, तसेच याचे होईल, असे माझे एक सहकारी म्हणतात. हे तंत्र गेममध्ये खरोखर रुजेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची शंका २०१८ साली रास्तच होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने जर्मनीतील कोलोन येथे आरटीएक्स २० या कार्डांच्या मालिकेची घोषणा केली आणि सप्टेंबरमध्ये ही कार्डे बाजारात आली, तेव्हा त्यांच्यातील रे ट्रेसिंगचा उपयोग करणारा एकही मोठा गेम उपलब्ध नव्हता. नोव्हेंबरमध्ये ‘बॅटलफील्ड ५’मध्ये ती सोय आली. डबक्यांत आणि मोटारींच्या पत्र्यावर ज्वाळांची प्रतिबिंबे सुरेख दिसू लागली, परंतु ती सुरू करताच गेमचा वेग इतका घसरे की पुष्कळ खेळाडूंनी ती बंद ठेवणेच पसंत केले. तरीही चष्म्यांशी केलेली तुलना मला पटत नाही, आणि त्याचे कारण गेम तयार करण्याच्या पद्धतीत आहे.

आजवर गेममधील दृश्य असंख्य त्रिकोणांचे बनत आले आहे आणि त्यावरील उजेड बहुतांशी बेतून घातलेला असतो. खिडकीतून आलेले ऊन भिंतीवर आपटून छताला कसे उजळवते, याचा हिशेब स्टुडिओतील संगणक आधीच तासन्‌तास करून ठेवतात आणि तो उजेड पृष्ठभागांवर कायमचा चिकटवला जातो. कलाकाराने भिंत जरा सरकवली की तो हिशेब पुन्हा करावा लागतो. खेळाडूने तीच भिंत पाडली तर तिच्यामागचा उजेड मात्र जुनाच राहतो. पाण्यातील प्रतिबिंबांसाठी पडद्यावर दिसत असलेलेच चित्र वापरण्याची युक्ती सर्रास केली जाते, म्हणूनच कॅमेरा खाली वळवताच तळ्यातील डोंगर अचानक नाहीसा होतो. रे ट्रेसिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलमधून किरण दृश्यात सोडून तो कशावर आदळतो आणि तेथून दिव्याकडे वाट मोकळी आहे की नाही, हे त्याच क्षणी तपासले जाते. सावली, प्रतिबिंब आणि परावर्तित उजेड ही सर्व एकाच नियमातून मिळतात.

ही कल्पना नवी नाही. संगणकीय चित्रांचे संशोधक टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली तिचे प्रसिद्ध रूप मांडले, त्या वेळी एका चित्राला तासाहून अधिक वेळ लागत असे. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) हव्या असतील तर एका फ्रेमसाठी जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात, आणि १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेलमागे एकच किरण धरला तरी सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी किरण होतात. त्यासाठी दृश्यातील वस्तू एकात एक बसणाऱ्या काल्पनिक पेट्यांमध्ये मांडतात. किरण ज्या पेटीला स्पर्शच करत नाही, तिच्यातील हजारो त्रिकोण न तपासता सोडून देता येतात. हे काम करणारे स्वतंत्र भाग आता चिपमध्येच असतात. इतके करूनही किरण अपुरे पडतात आणि चित्र दाणेदार येते. ते गुळगुळीत करणे आणि कमी पिक्सेलांच्या चित्रातून मोठे चित्र घडवणे ही कामे एनव्हिडियाच्या डीएलएसएससारखी तंत्रे करतात. माझ्या मते या जोडीशिवाय रे ट्रेसिंग कधीच व्यवहार्य झाले नसते.

चष्म्यांनी खेळाडूला नवे ओझे दिले आणि गेम बनवणाऱ्यांचे काहीही वाचवले नाही. रे ट्रेसिंग मात्र स्टुडिओचे श्रम वाचवते, अट एवढीच की बेतलेला उजेड पूर्णपणे सोडून देता आला पाहिजे. जोवर निम्म्या ग्राहकांकडे जुनी कार्डे आहेत, तोवर दोन्ही पद्धती सांभाळाव्या लागतात आणि काम उलट वाढते. ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, कारण तेव्हा आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स या कन्सोलमध्येच (खास गेमसाठीच्या यंत्रांत) एएमडी या कंपनीच्या चिपद्वारे ही क्षमता दिलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंगची क्षमता नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत, दोन्हींची किमान अपेक्षा आरटीएक्स २०६० सुपर ही आहे. जे तंत्र बंद करण्याची सोयच उरत नाही, ते रुजलेच म्हणायचे.

याचा अर्थ ते सगळीकडे पोहोचेल असा नाही. नेमबाजीच्या स्पर्धा खेळणाऱ्यांना सुंदर सावलीपेक्षा फ्रेमची संख्या महत्त्वाची वाटते आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे. ‘सायबरपंक २०७७’मध्ये एप्रिल २०२३ पासून संपूर्ण उजेड किरणांनीच घडवण्याची सोय आहे, पण ती समाधानकारक चालायला फार महागडे कार्ड लागते.

आपल्या मुलाच्या कार्डात किरण तपासणारे भाग नाहीत, त्यामुळे ‘इंडियाना जोन्स’ आणि ‘डूम’चे वरील दोन्ही गेम त्याला खेळता येणार नाहीत. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिन्ही कंपन्यांच्या आजच्या कार्डांत ही क्षमता असतेच, तेव्हा तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचा प्रश्न उरत नाही. पाहायची ती व्हिडिओ मेमरी, म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी, कारण वर सांगितलेल्या काल्पनिक पेट्यांची मांडणीही तिथेच साठवली जाते. ८ जीबी हा आता काठावरचा आकडा आहे. शक्य असल्यास १२ किंवा १६ जीबीचे कार्ड घ्यावे, आणि संगणकाचा पॉवर सप्लाय त्याला पुरेल ना, हे खरेदीपूर्वीच तपासून घ्यावे. तो मुख्यतः स्पर्धात्मक गेम खेळत असेल, तर आहे ते कार्ड अजून वर्षभर वापरायला हरकत नाही.