निर्वासितांची लोकांना एवढी भीती का वाटते? ही भीती खरी की राजकारण्यांनी पेटवलेली?

माझ्या मते भीती खरी असते, पण ती ज्यांच्याकडे बोट दाखवते ते लोक बहुतेक वेळा त्या भीतीचं मूळ नसतात. म्हणून तुमच्या प्रश्नातला 'की' मला पटत नाही. लोक आधीच धास्तावलेले असतात, आणि कुणीतरी येऊन त्या धास्तीला चेहरा देतं.

हंगेरी बघा. २०१५ साली सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून निघालेले लाखो लोक तिथून पुढे जर्मनी-ऑस्ट्रियाकडे गेले. राहायला थांबले फारच थोडे. युरोपीय संघाने आश्रयार्थी सदस्य देशांत वाटून द्यायचं ठरवलं, त्यात हंगेरीच्या वाट्याला आले १,२९४ आश्रयार्थी. देशाची लोकसंख्या जवळपास एक कोटी! तेवढ्यासाठी तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांच्या सरकारने देशभर फलक लावले. 'तुम्हाला ठाऊक आहे का?' अशी सुरुवात करून पॅरिसच्या दहशतवादी हल्ल्याचा संबंध थेट स्थलांतरितांशी जोडला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सार्वमत घेतलं. वैध मतांपैकी सुमारे ९८ टक्के मतं वाटपाच्या विरोधात पडली. निम्मे मतदारही वैध मत द्यायला न आल्यामुळे ते सार्वमत कायद्याने निष्फळ ठरलं, पण सरकारने ते जिंकल्यासारखंच मिरवलं. मत देणाऱ्यांतल्या कितीजणांची एखाद्या सीरियन कुटुंबाशी कधी गाठ पडली असेल? जर्मनीतही एएफडी या स्थलांतरविरोधी पक्षाचा जोर पूर्वेकडच्या राज्यांत जास्त आहे, आणि परदेशी लोकांचं प्रमाण तिथेच कमी आहे. शेजारी राहणारा माणूस नावाने कळतो. पडद्यावर दिसतो तो लोंढा.

अफवेला किती थोडं पुरतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी बातमी काही तासांत पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तरी दंगली उसळल्या आणि रॉदरहॅममध्ये आश्रयार्थी राहत असलेलं हॉटेल, माणसं आत असताना, पेटवायचा प्रयत्न झाला. त्या मुलींच्या दुःखाचा असा वापर झाला याची मला आजही चीड येते.

पण सगळंच खोटं असतं असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. २०१५ च्या अखेरच्या रात्री जर्मनीतल्या कोलोनमध्ये शेकडो स्त्रियांवर लैंगिक हल्ले झाले, आणि संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले बरेच होते. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मात्र रात्र शांततेत गेली असं म्हटलं होतं. त्या लपवाछपवीचा फायदा निर्वासितांना अजिबात झाला नाही. झाला तो त्यांच्या विरोधकांना, कारण 'आमच्यापासून सत्य दडवतात' हे त्यांचं वाक्य त्या एका बाबतीत खरं ठरलं. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा व्हावी, त्याचं नाव-गाव झाकू नये. त्याच्यासोबत सीमा ओलांडलेल्या बाकीच्या माणसांवर मात्र तो खटला चालवू नये.

घरं महाग होतात, दवाखान्यात रांगा वाढतात, तेव्हा लोक चिडतात. ते चिडणं रास्त आहे. मात्र घरं न बांधण्याचा निर्णय वर्षानुवर्षं कुणी घेतला, हे विचारण्यापेक्षा काल आलेल्याकडे बोट दाखवणं सोपं पडतं, कारण त्याला मतदानाचा हक्क नसतो.

आणि 'हे लोक आयते बसून सरकारी पैशावर जगतात' हा आरोप ऐकलात की त्या देशाचा नियम आधी तपासा. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज केलेल्या माणसाला साधारणपणे पहिले बारा महिने काम करायची परवानगीच मागता येत नाही. पुढे परवानगी मिळाली तरी ठरावीक यादीतलीच कामं करता येतात. अर्जाचा निकाल वेळेत लावला आणि तोवर काम करू दिलं, तर या आरोपातली निम्मी हवा निघून जाईल. राज्यकर्त्यांना हे कळत नाही असं मला वाटत नाही.