जानेवारी-फेब्रुवारीत महिनाभर व्हिएन्ना आणि बुडापेस्टला राहायचं आहे, आखणी कशी करावी?
तीन आठवडे व्हिएन्ना, शेवटचा बुडापेस्टला. रेल्वेने अंतर पावणेतीन तासांच्या आसपास. जास्त मुक्काम ऑस्ट्रियात, म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा सामायिक व्हिसा) ऑस्ट्रियाचाच मागा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

व्हिएन्नात भाड्याच्या घरात राहिलात तर तीन दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणीच्या अर्जावर घर देणाऱ्याची सही हवी, तेव्हा बुकिंगआधीच विचारा. हॉटेलात ही भानगड नाही.

रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद. दूध-भाजी शनिवारी सहाच्या आत आणा.

व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं बरीच स्वस्त असतात. मात्र वार्षिक ऑपेरा बॉलच्या (तिथल्या नृत्यसोहळ्याच्या) आसपास तिथे प्रयोग नसतात. सोमवारी कुन्स्टहिस्टोरिशेस हे कलासंग्रहालय बंद, आल्बर्टिना हे दुसरं कलासंग्रहालय उघडं.