शेरे मिळाले, आता फाइल उघडू नकोस

पोस्टरच्या डिझाइनवर शेरे आले की आधी ते सगळे कागदावर उतरव आणि प्रत्येकापुढे लिही: ही अडचण आहे की उपाय? ‘लोगो मोठा कर’ हा उपाय झाला. खरी अडचण बहुधा ही, की नजर आधी कुठे जावी तेच कळत नाही. ती सोडव, लोगो आहे तेवढाच राहिला तरी चालेल. ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र) नाही, बारीक काळा मजकूर नुसत्या काळ्या शाईऐवजी छपाईच्या चारही रंगांत गेलाय, असल्या चुकांवर वाद घालायचा नसतो, दुरुस्त करून मोकळं व्हायचं. रंगावरून मात्र स्क्रीनकडे बघत भांडू नकोस. खऱ्या आकारात प्रिंट काढ, भिंतीला लाव, चार पावलं मागे जा. (माझी निम्मी पोस्टरं तिथेच आपटली.) एखादा शेरा पटला नाही तर तसं सांग, पण कारणासकट.