अकरावा रकाना

प्रश्न : काका, नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत 19 वर्षं इन्स्पेक्शनला होतो. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, दिसलं की खडूनं फुली मारायची, माल परत भट्टीत. सुपरवायझर म्हणायचा, "पुटी भर, रंग मार, कोण बघतंय?" मी कधी भरली नाही. ऑर्डरी आटल्या, मालकानं हिशेब करून दिला. आता मेव्हण्याच्या ओळखीनं एका प्लॉट एजंटाकडं आहे. शेतजमिनीचे गुंठे पाडून, एन.ए. (बिगरशेती) न करताच, बाँडवर म्हणजे नुसत्या स्टॅम्पपेपरवर विकतात. "एन.ए. काय, होतंय की लवकरच" असं गिऱ्हाइकाला सांगायचं. ते माझ्या तोंडातून निघत नाही. महिन्याला जेमतेम एक सौदा होतो. दोन मुलं शिकताहेत. माझंच चुकतंय का? – एक वाचक, मजगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचून मलाच जरा लाज वाटली. पंचविशीत मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत काट्यावर कारकून होतो. रिकाम्या पोत्याचं वजन सव्वा किलो, शेतकऱ्याच्या मालातून वहीत वजा दोन किलो. चार हंगाम मुकाट लिहिलं. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले, त्यात काट्यावरचे ओळखीचे चेहरे होते. मी दुसऱ्या बाजूनं गेलो. पुढं नोकरी सोडली तीही पगार थकला म्हणून, उगीच मोठेपणा कशाला घेऊ?

मग विम्याचं काम धरलं. तिथं मात्र एक केलं : आजाराचा रकाना मोठ्यानं वाचायचा आणि गिऱ्हाईक सांगेल तेच लिहायचं. साखर आहे म्हटलं की साखर. काहीजण उठून दुसऱ्या एजंटाकडं गेले. गेले तर गेले.

तुमचा रकाना जमिनीच्या उताऱ्यावर आहे. कन्नड उतारा आपल्या किती लोकांना वाचता येतो? नवव्यात मालकांची नावं, अकराव्यात इतर हक्क आणि बोजा, म्हणजे बँकेचं, सोसायटीचं कर्ज. दोन्ही गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवा. नवव्यात चार भाऊ आणि सही एकाचीच, तर तेही बोला. आणि स्पष्ट सांगा की बाँडवर पैसे दिले म्हणून जागा नावावर होत नाही, त्याला रजिस्टर खरेदीखत लागतं. एन.ए.ची ऑर्डर आणि लेआउटची मंजुरी, दोन्ही कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय जागा दाखवायला जाऊ नका.

एजंटाला उद्याच सांगा : एन.ए. झालेले प्लॉट तेवढे मी दाखवतो, कमिशन कमी दिलं तरी चालेल. तो नाही म्हणण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आधी उद्यमबागेत दोन-चार ठिकाणी सांगून ठेवा. पुटी न भरणारा इन्स्पेक्शनचा माणूस लोकांच्या लक्षात असतो, मेव्हण्याला वाटतं त्यापेक्षा जास्त.

कन्नड अडत असेल तर मुलाला शेजारी बसवा, त्याला शाळेत आहेच. माझे कागद आधी मुलगीच वाचायची. जाम वैतागायची.